घरात अन्न पुरत नाही आणि मधुमेह आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहाची बहुतेक माहितीपत्रकं एक गोष्ट गृहीत धरून लिहिलेली असतात: घरात दोन्ही वेळचं अन्न आहे, आता फक्त काय खायचं ते ठरवायचंय. ज्यांच्या घरी तशी खात्री नाही त्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते सतत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, पुढे पुढे अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. गोळ्या आणि इन्सुलिनबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. तुमचा डोस ठरवताना तुमचं वय, किडनी, बाकीची औषधं हे सगळं पाहावं लागतं.

१. आम्ही रोज उपाशी झोपत नाही. तरी आमच्या घरात ‘अन्न-असुरक्षितता’ आहे असं म्हणायचं का?

बहुधा हो. उपाशी झोपणं ही शेवटची पायरी असते. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. सुरुवात काळजीने होते: आहे ते पैसे येईपर्यंत पुरेल ना? मग भाज्या, फळं, डाळी, अंडी हळूहळू गायब होतात आणि पोट भरणारं स्वस्त काहीतरी उरतं. मग ताटातलं प्रमाण घटतं, मग एखादं जेवण टळतं, आणि सगळ्यात शेवटी अख्खा दिवस अन्नाशिवाय जातो. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना जगभर जी ८ प्रश्नांची मोजपट्टी वापरते, तीही याच क्रमाने वर चढत जाते.

दवाखान्यात विचारायला तर दोनच प्रश्न पुरतात. गेल्या १२ महिन्यांत, पैसे हातात येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि आणलेलं अन्न पुरलं नाही, पुन्हा आणायला पैसेही नव्हते, असं झालं का? यातल्या एकाचं उत्तर जरी ‘कधी कधी’ असलं, तरी मधुमेहाचे उपचार ठरवताना ते विचारात घ्यायला हवं. घरातली मुलं नीट जेवतात म्हणून आपल्याकडे तसं काही नाही, असं समजू नका. मोठी माणसं आपलं ताट कमी करून मुलांचं भरतात, आणि मधुमेह बहुतेक वेळा त्या मोठ्या माणसालाच असतो.

२. आम्ही कमीच खातो. मग साखर वाढते कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यामागे बऱ्याचदा ऐकून घेतलेली बोलणी असतात: ‘तुम्ही पथ्य पाळत नाही.’ साखर वाढण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण पैशाचं. थोड्या पैशांत जास्तीत जास्त पोट भरायचं म्हटलं की हातात येतं ते बारीक दळलेलं, पॉलिश केलेलं धान्य, साखर आणि तेल. यात ऊर्जा भरपूर असते, पण चोथा आणि प्रथिनं कमी. अशा अन्नातलं पिष्ट झपाट्याने साखर होऊन रक्तात उतरतं. म्हणजे खाणं कमी असूनही प्रत्येक खाण्यामागे उसळी मोठी येते.

दुसरं कारण वेळेचं. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं; मेंदू चालू ठेवायला ते गरजेचंच असतं. इन्सुलिन पुरेसं असेल तर हे सोडणं आटोक्यात राहतं. मधुमेहात हाच लगाम ढिला पडलेला असतो, त्यामुळे काहीही न खाता सकाळची साखर चढलेली दिसते. त्यात मोठ्या खंडानंतर जेवण मिळालं की माणूस भुकेने भरभर आणि जास्त खातो, आणि शरीरही त्या जेवणाला सुस्त प्रतिसाद देतं. टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवशी तेच ठेवलं होतं. तरी ज्या दिवशी सकाळचा नाश्ता टाळला, त्या दिवशी दोन्ही जेवणांनंतर साखर जास्त चढली.

तिसरं कारण ताण. उद्याच्या अन्नाची चिंता, अपुरी झोप, सतत मनात चाललेला हिशोब यांनी कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं. ही दोन्ही संप्रेरकं साखर चढवतात आणि इन्सुलिनचा असर कमी करतात.

आणि चौथं, जे सहसा बोललं जात नाही: औषध पुरवून पुरवून घेणं. रोजची गोळी दिवसाआड होते. याबद्दल प्रश्न ७ पाहा.

यातलं एकही कारण आळशीपणाचं नाही.

३. साखर वाढणं जास्त वाईट की एकदम कमी होणं?

वाढलेली साखर वर्षानुवर्षं डोळे, किडनी, नसा, हृदय यांचं नुकसान करत राहते. घसरलेली साखर काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. ज्यांच्याकडे अन्नाची खात्री नाही त्यांना दोन्ही बाजूंनी धोका असतो, पण आजच्या दिवसाचा विचार केला तर आधी सावरायची ती घसरण.

कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातल्या नोंदी तपासून एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये साखर घसरल्याने दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. जास्त उत्पन्नाच्या लोकांमध्ये असा चढउतार नव्हता. ताडून पाहायला अभ्यासकांनी अपेंडिक्सच्या दुखण्याच्या नोंदीही घेतल्या, कारण त्याचा खाण्यापिण्याच्या चणचणीशी संबंध नसतो. त्यात महिनाअखेरची वाढ दिसली नाही. पैसे संपतात, अन्न संपतं, गोळी मात्र ठरल्याप्रमाणे चालू राहते आणि माणूस रुग्णालयात पोचतो. इतकं सरळ आहे ते.

४. साखर घसरतेय हे कसं ओळखायचं आणि त्या क्षणी काय करायचं?

हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, जीभ जड होणं, विसंगत बोलणं. साखर मोजायच्या मीटरवर आकडा ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेला की उपाय करायचा. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर बाब. मीटर नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून उपाय करा, तपासणीसाठी थांबू नका.

उपाय म्हणजे सुमारे १५ ग्रॅम पटकन मुरणारी साखर: ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून, नाहीतर अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. साखर अजून खाली असेल किंवा बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा तुपातेलातले गोड पदार्थ या वेळी उपयोगाचे नाहीत, कारण स्निग्धांशामुळे साखर उशिरा मुरते.

सावरल्यावर लगेच जेवण हवं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. जेवणच नसेल तर? मग जे असेल ते थोडं खा, तासाभराने पुन्हा तपासा, एकटे राहू नका, आणि साखरेची आणखी एक पुडी जवळ ठेवा. कमी खर्चातला हाच एक विमा आहे: कागदात बांधलेली ३-३ चमचे साखर, एक पुडी खिशात आणि एक उशाशी. घरातली साखर संपत आली तरी या पुड्या स्वयंपाकात वापरायच्या नाहीत, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

दोन गोष्टी विसरू नका. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका; कुशीवर वळवा आणि तातडीने रुग्णालयात न्या, घरात ग्लुकागॉन (साखर चढवणारं तातडीचं औषध) असेल तर ते द्या. आणि अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधं चालू असतील तर घरातली साधी साखर लवकर काम करत नाही, कारण तिचं पचनच ती औषधं रोखतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी.

५. आज जेवायलाच काही नाही. गोळी घ्यायची की नाही?

कोणती गोळी, यावर सगळं अवलंबून आहे. दोन माणसांच्या पाकिटात ‘शुगरची गोळी’ असते, पण एकाची उपाशीपोटी घातक आणि दुसऱ्याची फारशी नाही.

सगळ्यात जपून राहायचं ते ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाबद्दल. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी आठला गोळी घेतली, काहीतरी दोन घास खाऊन माणूस कामाला गेला, दुपारचं जेवण झालंच नाही, आणि चारच्या सुमाराला जिना चढताना पाय लटपटायला लागले. दवाखान्यात नेहमी दिसणारं हे चित्र आहे. जेवण होणार नसेल तर ही गोळी घ्यायची नाही, असा नियम डॉक्टरांकडून आधीच करून घ्या आणि कागदावर लिहून घ्या. यातली ग्लिबेनक्लामाइड फार वेळ टिकते. म्हाताऱ्या माणसांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना ती देऊच नये असं मानलं जातं. या गटातल्या गोळीमुळे साखर घसरली तर एकदा सावरल्यावरही काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते, म्हणून दवाखाना गाठलेला बरा.

रिपाग्लिनाइडचा नियम सोपा: जेवण नाही तर गोळी नाही.

मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर तिच्यामुळे साखर सहसा धोक्याइतकी घसरत नाही. मात्र उपाशीपोटी मळमळ, जुलाब होतात. उलट्या-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ती तात्पुरती बंद ठेवायची असते. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, पायोग्लिटाझोन यांचाही घसरणीचा धोका कमी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांचा धोका वेगळाच आहे. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपास घडत असताना त्या चालू राहिल्या तर शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून आम्लता वाढते, आणि त्या वेळी मीटरवर साखर फार चढलेली दिसतही नाही. आकडा बरा म्हणून सगळेच गाफील राहतात. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप असं काही झालं तर आकडा न बघता दवाखान्यात जा आणि ही गोळी चालू असल्याचं सांगा. खाणं बंद असेल तेवढे दिवस ती थांबवायची असते.

आणि एक: उपाशीपोटी दारू नको. दारू यकृताला साखर तयार करू देत नाही, त्यामुळे वरच्या पहिल्या गटातल्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना घसरण खोल जाते, आणि पाहणाऱ्याला वाटतं माणूस प्यायलाय.

६. मग इन्सुलिनचं काय? जेवण नाही तर इंजेक्शनही नाही, असं करू का?

सरसकट तसं करू नका. इन्सुलिनचे प्रकार समजून घ्या.

जेवणाआधी घ्यायचं जलद इन्सुलिन हे त्या जेवणासाठी असतं. जेवण नसेल तर ते घ्यायचं नाही, जेवण कमी असेल तर कमी घ्यायचं. किती कमी, ते डॉक्टर ठरवून देतात. जेवण मिळेल की नाही याची खात्रीच नसेल तर आधुनिक जलद इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेतलं तरी चालतं. जुन्या साध्या इन्सुलिनसाठी मात्र अर्धा तास आधीचा नियम असतो, आणि इंजेक्शन घेऊन जेवणाची वाट बघत बसणं इथेच अंगाशी येतं.

दीर्घकाळ चालणारं, दिवसातून एक-दोनदा घ्यायचं इन्सुलिन हे यकृताला लगाम घालण्यासाठी असतं. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा प्रकारात, ते उपाशी असतानाही बंद करायचं नसतं. डोस कमी करावा लागेल, पण शून्य नाही. पूर्ण थांबवलं तर काही तासांत कीटोन वाढायला लागतात आणि जिवावर बेततं.

सगळ्यात अडचणीचं म्हणजे मिश्र इन्सुलिन, ३०/७० सारखं (३० टक्के जलद, ७० टक्के सावकाश चालणारं). सकाळी एकदा टोचलं की त्यातला अर्ध्याहून जास्त भाग दुपारी आपला असर दाखवणारच, दुपारचं जेवण झालं असो वा नसो. ज्यांच्या जेवणाची वेळ आणि प्रमाण रोज बदलतं त्यांच्यासाठी माझ्या मते ही सर्वांत कमी सोयीची पद्धत आहे. ती स्वस्त आहे म्हणून दिली जाते, हे खरं. तरी डॉक्टरांना विचारा की वेगळी विभागणी शक्य आहे का.

७. अन्न आणायचं म्हणून आम्ही औषध अर्धं अर्धं घेतो. चालेल?

तुम्ही असं करता याबद्दल तुम्हाला कोणी बोल लावू नये. पण अर्धं काय करायचं हे अंदाजाने ठरवलं तर चुकीच्या औषधात काटछाट होते. रक्तदाबाची, हृदयाची गोळी बंद पडते आणि कमी गरजेची चालू राहते. सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा: ‘यातली दोनच परवडणार असतील तर कोणती?’ बऱ्याचदा महागड्या गोळीला जुनी, जेनेरिक, तितकीच उपयोगी गोळी सापडते. औषध हळूहळू सोडणाऱ्या काही गोळ्या मोडून चालत नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय तुकडे करू नका.

इन्सुलिन मात्र ‘पुरवून’ वापरणं, विशेषतः टाइप १ मध्ये, धोक्याचंच. आणखी एक गोष्ट पुरवण्याच्या नादात राहून जाते: उघडलेली इन्सुलिनची बाटली साधारण २८ दिवसांनंतर भरवशाची राहत नाही, आणि उन्हात-उष्णतेत राहिली तर त्याआधीच नासते. साखर कारण नसताना चढत असेल तर बाटली कधी उघडली ते आधी आठवा.

८. आहारतक्त्यातलं काहीच परवडत नाही. जे आहे त्यात काय करता येईल?

तक्ता बाजूला ठेवा. तुमच्या घरातल्या अन्नावर चालेल असं बरंच आहे.

वेळा सांभाळता आल्या तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. दिवसाचं अन्न तेवढंच असेल तर ते एका मोठ्या जेवणात संपवण्यापेक्षा दोन-तीन भागांत वाटा. एकाच वेळी भरपेट खाल्लं की चढ मोठा आणि पुढची घसरणही मोठी.

कडधान्यं आणि डाळी जिथे मिळतील तिथे त्यांना पहिला मान द्या. सुकी कडधान्यं टिकतात, पैशाच्या मानाने प्रथिनं आणि चोथा भरपूर देतात आणि साखर सावकाश सोडतात. धान्याचा थोडा भाग कमी करून तेवढीच डाळ वाढवली तरी मीटरवर फरक दिसतो. धान्य होईल तितकं कोंड्यासकट वापरा. ताटात भाजी, डाळ, अंडं असं काही असेल तर ते आधी खा आणि पिठूळ पदार्थ नंतर. अन्न तेच राहतं, पण जेवणानंतरचा चढ कमी होतो. फुकटात होणाऱ्या गोष्टींपैकी ही एक.

साखर घातलेली पेयं बंद करा. पोट भरत नाहीत आणि साखर लगेच चढवतात. ती पिण्याचा एकच योग्य प्रसंग प्रश्न ४ मध्ये आहे.

‘शुगर फ्री’ आणि ‘डायबेटिक’ असं छापलेल्या वस्तूंवर पैसे घालवू नका. त्या पैशांत डाळ आणा.

९. मदत म्हणून मिळणारं अन्न बहुतेक पांढरं धान्य, साखर, तेल आणि पाकीटबंद असतं. ते घ्यावं का?

घ्या. उपाशी राहण्यापेक्षा ते बरं, आणि त्याचा वापर कसा करायचा ते प्रश्न ८ मध्ये आहे. देणाऱ्यांना ‘घरात मधुमेह आहे, साखरेऐवजी डाळ मिळेल का’ असं विचारायला संकोच नको. अनेक ठिकाणी बदलून देतात, फक्त कोणी विचारत नाही.

चांगलं अन्न पुरवलं की साखर आपोआप सुधारते का, हे चाचण्यांतून पाहिलं गेलंय. अमेरिकेतल्या एका चाचणीत मधुमेह असलेल्या आणि अन्नाची चणचण असलेल्या कुटुंबांना आठवड्याला १० जेवणांचं सकस अन्न आणि आहारसल्ला दिला. सहा महिन्यांत त्यांची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, टक्क्यांत) सुमारे १.५ ने उतरली. पण नुसत्या यादीत असलेल्या, अजून मदत न मिळालेल्या गटाचीही १.३ ने उतरली, म्हणजे फरक ठरवण्याइतका नव्हता. यावरून अन्न देऊ नये असा निष्कर्ष काढणं चूक आहे. माणसाला अन्न मिळावं यासाठी एचबीए१सी उतरल्याचा पुरावा लागू नये. चाचणीतून कळतं ते एवढंच की औषधं, झोप, ताण, खर्च तसेच राहिले तर एकट्या पिशवीने सगळं साधत नाही.

१०. महिन्याच्या सुरुवातीला साखर चढते, अखेरीस घसरते. एकच डोस कसा लागू पडेल?

नाहीच पडत, आणि हे डॉक्टरांच्या लक्षात येत नाही कारण तपासणी महिन्यातल्या कुठल्यातरी एकाच दिवशी होते. सुरुवातीच्या आठवड्यात गेलात तर डोस वाढवून मिळतो, आणि तोच वाढलेला डोस अखेरच्या रिकाम्या आठवड्यात घात करतो.

दोन मार्ग आहेत. एक, मुळातच घसरण न करणारी औषधं निवडणं (प्रश्न ५). दुसरा, दोन वेगळ्या योजना लिहून घेणं: ‘पुरेसं जेवण असलेले दिवस’ आणि ‘कमी जेवणाचे दिवस’. दोन्ही एकाच कागदावर, मोठ्या अक्षरात, भिंतीवर. कुठला दिवस कोणता हे तुम्हाला सकाळीच माहीत असतं.

११. एचबीए१सी चांगली आली, तरी चक्कर आणि घाम येतो. रिपोर्ट चुकला का?

रिपोर्ट चुकलेला नसेल, अपुरा असेल. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते. एक आठवडा २५० आणि एक आठवडा ६० असं चाललं तरी सरासरी शोभून दिसते.

आकडा फसवण्याचं दुसरं कारण रक्तातच असतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालं असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. उलट रक्तस्राव झाला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर ती कमी दिसते. अपुऱ्या अन्नात अ‍ॅनिमिया अगदी नेहमीचा, म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय एचबीए१सीवरून डोस वाढवून घेऊ नका.

१२. साखर तपासायच्या पट्ट्या मोजक्याच आहेत. कधी तपासू?

लक्षणं जाणवली तर, वाहन किंवा यंत्र चालवण्याआधी, आणि गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण टळलं असेल तर. या तीन वेळांसाठी पट्ट्या राखून ठेवा. उरलेल्या पट्ट्या रोज सकाळी एकाच वेळी वापरण्यापेक्षा एका आठवड्यात वेगवेगळ्या वेळी वापरा, आणि आकड्यापुढे ‘जेवलो / नाही जेवलो’ एवढं लिहा. डॉक्टरांना त्या दोन शब्दांचा आकड्याइतकाच उपयोग होतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना रोज तपासायची गरज नसते.

१३. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटते. सांगावंच लागेल का?

सांगा. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा.

‘वेळेवर जेवता ना?’ असं विचारलं की तोंडातून ‘हो’ निघून जातं. त्या एका ‘हो’मुळे डॉक्टर समजतात की औषध कमी पडतंय, आणि मात्रा वाढवतात. प्रश्न ३ मधले बरेच जण असेच रुग्णालयात पोचले असतील. तुमचं घर कसं चालतं हे कोणाला कळावं म्हणून हे सांगायचं नसतं. चुकीचा डोस मिळू नये म्हणून सांगायचं असतं.

फार बोलावं लागत नाही. ‘डॉक्टर, रोज दोन्ही वेळचं जेवण होईल अशी आमच्याकडे खात्री नसते. न जेवल्या दिवशी यातली कोणती गोळी घ्यायची नाही?’ बस. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे करा. नर्स, औषधवाले, आहारतज्ज्ञ यांच्यापैकी ज्यांच्याशी मोकळं वाटतं त्यांना सांगितलंत तरी चालेल.

आणि डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांना विनंती: हा प्रश्न रुग्णाने काढण्याची वाट बघू नका. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही अन्नाच्या चणचणीची चौकशी करायला सांगितलंय. दार बंद करून, सगळ्यांना एकाच सुरात विचारा. म्हणजे आपल्यालाच वेगळं काढलं असं कोणाला वाटणार नाही.

१४. आई सत्तरीची आहे. स्वतःचं ताट मुलांना देते आणि गोळी मात्र चुकवत नाही. काय करू?

तिची औषधं या आठवड्यातच दाखवून घ्या. म्हातारपणी घसरणीची लक्षणं थरथर-घाम अशी न येता गोंधळणं, बडबडणं, पडणं अशी येतात आणि वयावर ढकलली जातात. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे धडधड जाणवतच नाही. या वयात, विशेषतः बाकी आजार असतील तर, साखरेचं लक्ष्य मुद्दाम सैल ठेवतात. एचबीए१सी ८ च्या आत असली तरी अनेकांना पुरते. गोळ्या कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

१५. गरोदर आहे, साखर वाढलीय, आणि खाणं अपुरं आहे.

साखर उतरावी म्हणून जेवण कमी करू नका. गरोदरपणात उपास घडला की कीटोन लवकर वाढतात. प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. गरोदर स्त्रियांना अन्नाची मदत मिळवून देणं अनेकदा तुलनेने सोपं असतं.

१६. वजन जास्त आहे. मग जेवण टळलं तर बरंच की?

ठरवून, देखरेखीखाली, औषधं बदलून कमी खाणं वेगळं आणि अन्न नाही म्हणून न खाणं वेगळं. दुसऱ्यात सकस तेच आधी कमी होतं, मधल्या खंडानंतर भूक उसळते आणि औषध बदललेलं नसतं. वजन जास्त असलेला माणूसही कुपोषित असू शकतो. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं कमी असतात. शरीराकडे बघून ‘यांना अन्नाची काय ददात’ असं ठरवणं बंद व्हायला हवं.

१७. उपासमारीमुळेच मधुमेह होऊ शकतो का? ‘टाइप ५’ असं काहीतरी ऐकलं.

होऊ शकतो, आणि परिणाम पुढच्या पिढीतही दिसतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली, तेव्हा त्यांची साखर पेलण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली.

‘टाइप ५’ हे नाव इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने २०२५ मध्ये स्वीकारलं. लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेला, कृश तरुणांमध्ये दिसणारा हा मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये कुपोषणाशी संबंधित मधुमेह असा वेगळा गट मानला होता, १९९९ मध्ये तो काढून टाकला. आजही हा वेगळा आजार मानावा का यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. या रुग्णांत इन्सुलिन फार कमी बनतं, पण टाइप १ सारखे कीटोन सहसा वाढत नाहीत. त्यांना टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन दिलं आणि खायला पुरेसं नसलं तर साखर धोकादायक घसरते. कृश तरुण रुग्णाचं निदान एकदा फेरतपासून घ्यावं ते यासाठी.

१८. बरेच दिवस जवळजवळ उपाशी काढले. आता अन्न मिळालंय. पोटभर खाल्लं तर चालेल ना?

पाच दिवसांहून जास्त काळ नगण्य खाणं झालं असेल तर एकदम पोटभर नको. उपाशी शरीराला अचानक भरपूर पिष्टमय अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. रक्तातलं प्रमाण इतकं खाली येतं की हृदयाची लय बिघडू शकते, श्वास अडू शकतो. मधुमेहात बाहेरून टोचलेलं इन्सुलिन याच ओढीत भर घालतं. म्हणून चढलेली साखर पाहून लगेच जुना पूर्ण डोस सुरू करायचा नाही.

पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्म्याच्या आतच खा, थोडं थोडं, आणि ते सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व आधी देतात आणि क्षारांची तपासणी करतात. दहा दिवसांहून जास्त उपासमार झाली असेल किंवा वजन फारच घटलं असेल तर हे घरी करायचं काम नाही, रुग्णालयात दाखल व्हा. सूज, धाप, छातीत धडधड, गोंधळलेपणा असं काही दिसलं तर त्याच क्षणी निघा, आणि किती दिवस उपाशी होता व कोणतं औषध कधी घेतलं हे दोन्ही तिथे पोचल्याबरोबर सांगा.